जेपेग देण्यासाठी, टिफ ठेवण्यासाठी

वेंगुर्ल्याहून एका मुलीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : "काका, मी तीन वर्षं लग्नांचे आणि जत्रांचे फोटो काढते. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे. रॉमध्ये काढते, लाइटरूममध्ये रंग जुळवते, काही फोटोंवर फोटोशॉपमध्ये काम करते आणि शेवटी जेपेग करून ठेवते. डिस्क भरली की रॉ उडवते. एकाने सांगितलं सगळं टिफमध्ये ठेव. दुसऱ्याने सांगितलं पीएनजी कर, त्यात काही जात नाही. लॅबवाले तर जेपेगच मागतात. मग नक्की ठेवू काय?"

आधी एकच गोष्ट सांगतो, बाकीचं सावकाश वाचलंस तरी चालेल. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं जसंच्या तसं ठेवणारी मूळ फाइल, ती उडवणं आजपासून बंद कर. डिस्क भरली तर निवड करून नापास फोटोंचे रॉ काढ. डोळे मिटलेले, हललेले, एकाच पोझचे सात-सात क्लिक हे कुणीच ठेवत नाही. पण जो फोटो तू गिऱ्हाइकाच्या हातात दिलास, त्याचा रॉ तुझ्याकडे असलाच पाहिजे. फॉरमॅट कोणता, म्हणजे फाइल जेपेग, टिफ की पीएनजी, हा प्रश्न त्याच्यानंतरचा.

मी कुडाळात पंचवीसहून जास्त वर्षं स्टुडिओ चालवतोय. सुरुवात रोलवर झाली. तेव्हा प्रिंट गिऱ्हाइकाला द्यायची आणि निगेटिव्ह आपल्याकडे ठेवायची, पट्ट्या कापून, बटर पेपरच्या पाकिटात घालून, वर तारीख आणि घराचं नाव लिहून. दहा वर्षांनी कुणीतरी यायचं. आजोबा गेले, त्या लग्नात त्यांचा चांगला फोटो होता, मोठा करून द्या म्हणायचं. निगेटिव्ह सापडली की काम झालंच. नाही सापडली, तर भिंतीवरची प्रिंट उतरवून तिचाच फोटो काढावा लागे. त्यात चेहरा यायचा, पण डोळ्यांतली चमक आणि धोतराची घडी हरवायची. आज रॉ ही निगेटिव्ह आहे आणि जेपेग ही प्रिंट. तू प्रिंट जपते आहेस आणि निगेटिव्ह टाकून देते आहेस. टिफची जागा या दोघांच्या मधली. डार्करूममध्ये हाताने सावरून, डाग काढून तयार केलेली पहिली पक्की प्रिंट असायची ना, तशी.

तू जत्रांचं नाव घेतलंस म्हणून माझी एक चूक सांगतो. डिजिटल नवं होतं तेव्हा एका जत्रेत रात्रभर बसून दशावतार टिपला. सुरुवातीला आडदशावतारात संकासुर येतो, तो काळ्या वेशात. मागे काळोख आणि वर दोन हॅलोजन. कार्ड लहान, म्हणून कॅमेरा जेपेगवर लावला होता. घरी येऊन फोटो उघडला, कॉन्ट्रास्ट चढवला, हात आणि चेहऱ्याची ठेवण उठून आली, बरं वाटलं आणि त्याच नावाने सेव्ह केलं. पाच-सहा वर्षांनी त्या मंडळातला एक कलाकार आला. त्याला त्याच फोटोचा मोठा बॅनर हवा होता. मोठा केल्यावर दिसलं की वेशाच्या जागी नुसता काळा डाग आहे. कापडाच्या चुण्या नाहीत, बाहीची कड नाही, कमरेची गाठ नाही. सावली उजळून बघितली तर काळ्याचा राखाडी झाला आणि त्या राखाडीत बारीक बारीक चौकोन दिसायला लागले. मी त्याला दुसरा फोटो दिला, पण त्याला हवा होता तो क्षण त्याच फोटोत होता. मूळ फाइल मी स्वतःच्या हाताने पुसली होती.

ते चौकोन कुठून आले हे कळलं की या विषयातलं निम्मं कळतं.

जेपेगचं मानक १९९२ सालचं. त्यात चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनात उजेडाचा चढउतार किती आहे ते मोजतात. मोठे चढउतार नीट जपले जातात. बारीक आणि फिकट असतात ते डोळ्याला कळणार नाहीत असं धरून ढोबळ आकड्यात बसवले जातात, पुष्कळदा शून्यच केले जातात. काळ्या कापडावरची काळी चुणी म्हणजे नेमका असा बारीक, फिकट चढउतार. त्यात मी कॉन्ट्रास्ट चढवून तिला अगोदरच काळ्याच्या तळाशी ढकललं होतं. उरलंसुरलं सेव्ह करताना गेलं. रंगाच्या बाबतीत तर जेपेग आणखी हात आखडता घेतं. माणसाचा डोळा उजेडाची कड जितकी नेमकी पकडतो तितकी रंगाची पकडत नाही, म्हणून रंगाची माहिती बहुतेक वेळा कमी बारकाईने साठवली जाते. एवढं सगळं केल्यामुळेच २४ मेगापिक्सेलचं चित्र, जे उघडल्यावर ७२ एमबीचं असतं, ते डिस्कवर आठ-दहा एमबीत मावतं आणि तरी बघणाऱ्याला फरक दिसत नाही. मला जेपेगबद्दल आदर आहे. पण ते काम संपल्यानंतरच्या टप्प्यासाठी बनवलेलं आहे. आता फक्त बघायचं किंवा छापायचं, पुन्हा हात लावायचा नाही, अशा वेळेसाठी.

माझ्या शब्दावर विसंबू नकोस, बंदरावर जाऊन बघ. निळ्या रंगाच्या होडीवर लाल अक्षरांत नाव रंगवलेलं असतं, तशी एक होडी शोध आणि रॉमध्ये फोटो काढ. त्याच फोटोचे दोन जेपेग कर, एक क्वालिटी १०० वर आणि एक ३० वर. दोन्ही शेजारी ठेव आणि ४०० टक्क्यांवर नेऊन अक्षरांच्या कडा बघ. खालच्या क्वालिटीत लाल रंग निळ्यावर ओघळल्यासारखा दिसेल आणि अक्षरांभोवती मुंग्या लागल्यासारखे ठिपके असतील. आता तोच प्रयोग आकाशाच्या तुकड्यावर कर. तिथे ठिपके नसतील, तिथे चौकोन दिसतील. नवरीच्या शालूची जरीची किनार, कपाळावरचं कुंकू, हिरव्या झाडीसमोरचा जांभ्या दगडाचा गडगा, हे सगळं याच जातीचं आहे. आपल्याकडे लाल-हिरवा शेजार पावलोपावली आहे, म्हणून आपल्या फोटोंत हे जास्त बोचतं.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण तो सगळीकडे ऐकू येतो. जेपेग नुसतं उघडून बघितलं, कॉपी केलं, पेन ड्राइव्हवर टाकलं तर काहीही कमी होत नाही. दहा वर्षं रोज उघड, तसंच राहील. नुकसान पुन्हा सेव्ह करताना होतं. त्यातही काहीच न बदलता, त्याच प्रोग्रॅममध्ये, त्याच क्वालिटीवर पुन्हा सेव्ह केलं तर नुकसान फार थोडं असतं आणि दोन-चार वेळांनंतर जवळजवळ थांबतं, कारण चौकोन तेच आणि आकडेही तेच राहतात. खरी झीज तू मध्ये काहीतरी केलंस की होते. थोडा क्रॉप केलास, तर आठाच्या चौकोनांची जाळी सरकली. उजेड बदललास, लहानमोठं केलंस, सरळ करण्यासाठी दोन अंश फिरवलंस, तर सगळे आकडे नव्याने काढायला लागले आणि पुन्हा ढोबळ झाले. आणि आपण जेपेग पुन्हा सेव्ह करतो ते काहीतरी बदललं म्हणूनच करतो, नाही का? लग्नाचा अल्बम करताना बघ. तू जेपेग दिलंस, डिझायनरने क्रॉप करून शीटवर, म्हणजे अल्बमच्या पानावर, बसवलं आणि शीटचं जेपेग केलं. नवरीकडून दुरुस्ती आली, त्याने शीटच्याच जेपेगवर दुरुस्ती केली आणि परत जेपेग केलं. छापायला जाईपर्यंत तिसरी पिढी झाली.

आता दुसरी गोष्ट, ती चौकोनांइतकी चटकन दिसत नाही पण माझ्या मते जास्त महत्त्वाची. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे काळ्यापासून पूर्ण उजेडापर्यंत २५६ पायऱ्या. तुझ्या कॅमेऱ्याचं रॉ १२ किंवा १४ बिटचं असेल. १२ म्हणजे ४,०९६ आणि १४ म्हणजे १६,३८४ पायऱ्या. सागरेश्वरच्या किनाऱ्यावर सूर्य बुडाल्यावर पंधरा मिनिटांनी आकाश कसं असतं ते आठव. क्षितिजावर केशरी, वर जाता जाता गुलाबी, मग जांभळट आणि डोक्यावर गडद निळं. कुठेही रेघ नाही. त्याचं ८ बिटचं चित्र घेऊन तू आकाश गडद केलंस, निळा वाढवलास, की त्या २५६ पायऱ्यांपैकी या रंगाच्या वाट्याला आलेल्या मोजक्या पायऱ्या ताणल्या जातात आणि मध्ये फटी पडतात. मग आकाशात पट्टे दिसतात, एकावर एक घातलेल्या साड्यांच्या घड्यांसारखे. छापल्यावर ते आणखी स्पष्ट होतात. १६ बिटच्या फाइलमध्ये हेच काम केलं तर पायऱ्या इतक्या असतात की ताणूनही फट दिसत नाही. शेवटी जेपेग करताना त्या २५६ वर येतातच, पण तोपर्यंत ओढाताण संपलेली असते.

म्हणून फोटोशॉपमध्ये हात लावलेल्या फोटोची ठेवणीची फाइल १६ बिटची टिफ. हा फॉरमॅट १९८६ साली अल्डस या कंपनीने आणला. ती कंपनी पुढे फोटोशॉप-लाइटरूम बनवणाऱ्या अडोबीत गेली. टिफची सहावी आवृत्ती १९९२ ची आणि तिचाच पाया अजून चालू आहे. तीस वर्षांहून जुना, न बदललेला फॉरमॅट म्हटल्यावर नव्या माणसाला तो मागासलेला वाटतो. मला मात्र ठेवणीच्या कामात तोच मोठा गुण वाटतो. ज्या फॉरमॅटची व्याख्या उघड आहे, जो फोटोशॉप, गिंप, डार्कटेबल असे प्रोग्रॅम, स्कॅनर, प्रेस सगळ्यांना वाचता येतो, तो वीस वर्षांनीही उघडेल यावर मी पैज लावीन. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससारखी ग्रंथालयं जुनी छायाचित्रं स्कॅन करून ठेवताना टिफच वापरतात, ते उगीच नाही.

"सगळं टिफमध्ये ठेव" हा सल्ला मात्र मी देणार नाही. हिशोब कर. तुझ्या कॅमेऱ्याचं चित्र ६००० बाय ४००० पिक्सेल. १६ बिटची, न दाबलेली टिफ म्हणजे १४४ एमबी. एका लग्नाचे २,००० फोटो धरले तर २८८ जीबी. त्याच फोटोंचे रॉ साधारण ५० ते ६० जीबीत बसतात आणि त्यात टिफपेक्षा जास्त माहिती असते. ज्या फोटोवर तू फक्त लाइटरूममध्ये उजेड, रंग, क्रॉप केलंस, त्याची टिफ करून तुला काय मिळालं? काही नाही. लाइटरूम मूळ रॉला हातच लावत नाही. 'उजेड एवढा वाढव, इथून कापून घे' अशा सूचना ते बाजूला लिहून ठेवतं. त्या सूचना काही केबींच्या असतात. रॉ अधिक सूचना ही २,००० फोटोंची ठेवण झाली. टिफ फक्त त्यांची, ज्यांच्यावर पिक्सेल पातळीवर हाताने काम झालं : त्वचा सावरली, मागची वायर काढली, दोन फोटोंतले चेहरे एकत्र केले. एका लग्नात असे किती असतात? माझ्याकडे तीस-चाळीस. अल्बमचं मुखपृष्ठ, दोघांचे मोठे पोर्ट्रेट, कुटुंबाचा गट. शिवाय जे फोटो तुला स्वतःला आयुष्यभर ठेवायचे आहेत, तुझ्या नावाने कुठे लावायचे आहेत, त्यांची टिफ कर. त्याचं कारण वेगळं आहे, ते पुढे सांगतो.

त्या सूचना राहतात कुठे, हे तुला माहीत असायला हवं. लाइटरूम त्या मुख्यतः स्वतःच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे सगळ्या फोटोंच्या नोंदवहीत, ठेवतं. तू डिस्कवर फक्त रॉचे फोल्डर कॉपी केलेस आणि लॅपटॉप बिघडला, तर रॉ सुखरूप आणि तीन वर्षांचं एडिटिंग गेलं. कॅटलॉगच्या सेटिंगमध्ये मेटाडेटाच्या पानावर, बदल आपोआप एक्सएमपी नावाच्या वेगळ्या फाइलीत लिहिण्याची एक खूण आहे. ती आजच कर. मग प्रत्येक रॉशेजारी त्याच नावाची एक छोटी एक्सएमपी फाइल तयार होईल. फोल्डर कॉपी करताना ती सोबत जाते. पुष्कळ जण ती कचरा समजून पुसतात, तू पुसू नकोस. आणि आता ते वेगळं कारण : या सूचना अडोबीच्याच प्रोग्रॅमला नीट समजतात. उद्या तू दुसरा प्रोग्रॅम घेतलास, तर रॉ उघडेल पण तुझा रंग तसाच येईल याची खात्री नाही. टिफमध्ये तुझा निर्णय पिक्सेलमध्ये उतरलेला असतो. तो कुठेही उघडला तरी तोच दिसणार. म्हणून स्वतःच्या जिवाभावाच्या फोटोंना टिफ.

टिफ की फोटोशॉपची स्वतःची पीएसडी, असा पुढचा प्रश्न येईलच. दोन्हींत लेयर, म्हणजे एकावर एक रचलेले कामाचे थर, वेगळे राहतात, दोन्हींत १६ बिट चालतं, दोन्हींत सेव्ह करताना काही जात नाही. काम चालू असेपर्यंत पीएसडी ठेवलीस तरी हरकत नाही, फक्त सेव्ह करताना 'मॅक्झिमाइझ कम्पॅटिबिलिटी' ही खूण राहू दे. ती नसेल तर दुसऱ्या प्रोग्रॅमना लेयर एकत्र करून चित्र दाखवता येत नाही, लाइटरूमसुद्धा अशी फाइल घेत नाही. पीएसडीला २ जीबीची मर्यादा आहे, टिफला ४ जीबीची. एका फोटोला तू इथपर्यंत जाणार नाहीस. मी स्वतः फोटोशॉपमधलं सगळं काम टिफमध्येच ठेवतो, लेयरसकट, म्हणजे दोन जातींच्या फाइली सांभाळायला नकोत. काम पूर्ण झालं की लेयर सपाट करून एक वेगळी टिफही करतो, कारण दुसऱ्याच्या प्रोग्रॅमला फोटोशॉपचे लेयर कळतीलच असं नाही, सपाट चित्र मात्र कळतंच. सेव्ह करताना कॉम्प्रेशन, म्हणजे फाइल दाबायची पद्धत, विचारेल. १६ बिटला झिप निवड. एलझेडडब्ल्यू हा पर्याय ८ बिटला ठीक आहे, पण १६ बिटच्या फोटोला तो लावला तर फाइल लहान व्हायच्या ऐवजी कधी कधी मोठी होते. हे मी बघितलेलं आहे. दोन्ही पद्धतींत चित्रातलं काही कमी होत नाही, कपडे नीट घड्या घालून पेटीत बसवण्यासारखं आहे ते. फोटोशॉप परवडत नसेल तर गिंपची स्वतःची एक्ससीएफ फाइल लेयरसाठी आणि तिच्याशेजारी सपाट टिफ, असं कर.

पीएनजी सांगणारा खोटं बोलला नाही. त्यात खरंच काही जात नाही. पण ते पडद्यावरच्या चित्रांसाठी, लोगोसाठी, पारदर्शक पार्श्वभूमीसाठी जन्माला आलं. त्यात लेयर नाहीत, छपाईच्या चार शाईंचा सीएमवायके हा रंगप्रकार नाही, आणि फोटोला जागा जवळजवळ टिफइतकीच लागते. तुझं नाव लिहिलेला पारदर्शक वॉटरमार्क पीएनजीत ठेव, फोटो नको.

आयफोनचं एचईआयसी २०१७ पासून आलंय. जेपेगपेक्षा कमी जागेत तेवढाच चांगला फोटो बसवतं. गिऱ्हाइकाने तशी फाइल दिली तर मूळ तशीच ठेव आणि कामासाठी तिच्यावरून टिफ कर. वेबपी हा फॉरमॅट एखाद्या होमस्टेच्या वेबसाइटसाठी छान आहे, ठेवणीसाठी नाही. डीएनजीबद्दल विचारलंस तर, अडोबीने २००४ साली काढलेला हा रॉचा उघड फॉरमॅट चांगला आहे आणि त्यात सूचना फाइलच्या पोटातच राहतात, एक्सएमपी वेगळी सांभाळावी लागत नाही. मी मात्र कॅमेऱ्याने दिलेला रॉ तसाच ठेवतो. मूळ ते मूळ, असा माझा हट्ट आहे. तू डीएनजी केलंस तर मला वाईट वाटणार नाही.

आता लॅब. लॅबवाल्याला जेपेगच दे, तो बरोबर मागतोय. फक्त ते प्रत्येक वेळी टिफवरून किंवा रॉवरून ताजं काढ, आधीच्या जेपेगवरून नव्हे. फोटोशॉपमध्ये क्वालिटी १० ते १२, लाइटरूममध्ये ९० च्या आसपास पुरे. १२ बाय ३६ इंचाच्या शीटला इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशोबाने ३,६०० बाय १०,८०० पिक्सेल लागतात. कलर स्पेस, म्हणजे फाइलमधल्या रंगांचा पल्ला, एसआरजीबी ठेव आणि प्रोफाइल, म्हणजे तो पल्ला कोणता हे सांगणारी नोंद, फाइलमध्ये घालून दे. प्रोफोटोसारख्या मोठ्या स्पेसमध्ये काम करत असलीस तर ठेवणीची टिफ त्यातच आणि १६ बिटच राहू दे, पण देण्याचं जेपेग एसआरजीबीत बदलूनच. नाहीतर हळदीचा पिवळा शेणाच्या रंगाचा छापून येतो आणि लॅबशी भांडण होतं. डिझायनरला शक्य तिथे जेपेगऐवजी टिफ दे, निदान मोठ्या पोर्ट्रेटची, आणि शीटवर दुरुस्ती करायची ती त्याच्या लेयरच्या फाइलवर कर असं सांग. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नकोस, डॉक्युमेंट म्हणून पाठव. फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि पुन्हा दाबला जातो. माझ्याकडे महिन्यातून दोघे-तिघे तरी वारलेल्या माणसाचा फोटो मोबाइलवर घेऊन येतात आणि तो १,६०० पिक्सेलचा निघतो. ३०० च्या हिशोबाने ते सव्वापाच इंच होतात. भिंतीवरच्या फ्रेमला त्यातून काय काढून देणार? मूळ कुणी काढला होता ते विचारतो, तर त्याने जागा नाही म्हणून पुसलेला असतो.

साठवण्याबद्दल जास्त लिहीत नाही, पण आपल्या हवेत दोन शब्द लिहावेच लागतात. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यात लेन्सला बुरशी येते, तशी डिस्कच्या जोडणीवर गंज येतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेव आणि दोन-तीन महिन्यांनी काढून चालू कर. फोटोंच्या तीन प्रती हव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. २०२१ च्या जुलैत चिपळुणात पाणी भरलं तेव्हा माझ्या एका स्नेह्याच्या दोन्ही डिस्क एकाच कपाटात होत्या, तळमजल्यावर. दोन प्रती असून उपयोग झाला नाही. मी तेव्हापासून तिसरी डिस्क मुंबईला भावाकडे ठेवतो. गावातल्या नेटवर एवढ्या फाइली चढवायला महिना जाईल, पण भाऊ गणपतीला येतो आणि होळीला येतो. येताना जुनी डिस्क आणतो, जाताना नवी नेतो. फॉरमॅटचा इथेही संबंध आहे. डिस्क खराब व्हायला लागली आणि फाइलमधला एखादा बिट बिघडला, तर जेपेगमध्ये त्या जागेपासून खालचं सगळं चित्र रंग बदलून किंवा राखाडी होऊन जातं. अर्धा नवरा आणि खाली राखाडी पट्टा असे फोटो तू पाहिले असशील. न दाबलेल्या टिफमध्ये चित्रातला एवढाच बिघाड एका ठिपक्यावर भागतो, दाबलेल्या टिफमध्ये एखादी पट्टी जाते. म्हणून ज्या शंभरेक फोटोंवर माझा जीव आहे त्यांच्या सपाट टिफ मी कॉम्प्रेशनशिवाय ठेवतो. जागा लागते, लागू दे.

राहिला तुझ्या तीन वर्षांचा प्रश्न, ज्यांचे रॉ गेले त्यांचा. त्या जेपेगची टिफ करून सुधारणा होणार नाही, गेलेलं परत येत नाही. पण असलेलं टिकेल. त्या जेपेग फाइलींना वेगळ्या फोल्डरमध्ये टाक, फोल्डरचं नाव 'मूळ' ठेव आणि फाइली फक्त वाचण्यापुरत्या राहतील अशी खूण कर, म्हणजे चुकून वर सेव्ह होणार नाही. त्यातल्या एखाद्यावर काम करायचं झालं तर आधी १६ बिटची टिफ कर, काम तिच्यावर कर, जेपेग शेवटी एकदाच काढ. आणि जुनी कार्डं शोध. फॉरमॅट न केलेलं एखादं कार्ड बॅगेच्या कप्प्यात सापडतं. फॉरमॅट केलेलं असेल पण त्यावर नवे फोटो काढले नसतील, तर फाइली परत मिळवण्याचे प्रोग्रॅम आहेत, रॉ पुष्कळदा जसेच्या तसे निघतात. सापडलेल्या कार्डावर एकही नवा क्लिक करू नकोस. तुळशीच्या लग्नानंतर जत्रा लागतील आणि मग तुला पहाटेपर्यंत सवड नसेल, तेव्हा हे त्याआधी कर. कार्ड सापडलं आणि प्रोग्रॅममध्ये अडलीस तर ते घेऊन कुडाळला ये, आपण बसून काढू.